१९९ रुपयांचं डोमेन: किमतीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?



पेट-नेटची तयारी करताना "विषय कुठून आणायचा?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आज एक साधी जाहिरात घेऊ: 'डॉट कॉम डोमेन फक्त १९९ रुपयांत'. हे परवडतं कसं?

आधी साखळी समजून घ्या

डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरीसाइन या एकाच कंपनीकडे आहे. तिच्याकडून रजिस्ट्रार नावं घेतात, रजिस्ट्रारकडून रिसेलर आणि मग आपण. १९९९ पूर्वी नेटवर्क सोल्युशन्स ही एकच कंपनी वर्षाला ३५ ते ५० डॉलर घेत असे. आयकॅनने इतर रजिस्ट्रारना परवानगी दिली आणि दर कोसळले. आपल्याकडे मुंबईत तुरखिया बंधूंनी १९९८ मध्ये डायरेक्टी सुरू केली. तिच्या रिसेलरक्लबमुळे छोट्या गावातला वेब डिझायनरसुद्धा डोमेन विकू लागला. २०१४ मध्ये हा व्यवसाय अमेरिकेच्या एंड्युरन्सने घेतला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: स्पर्धा आहे ती खालच्या दोन पायऱ्यांवर. वरच्या पायरीवर एकच विक्रेता आहे. त्याचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला, शिवाय तेव्हा आयकॅनचे ०.१८ डॉलर होते. डॉलर ८५ रुपये धरला तर तेव्हा जीएसटीआधीच खर्च ८८७ रुपये! म्हणजे १९९ ला विकणारा तोट्यात विकतोय.

मग तोटा भरून कुठे निघतो?

नूतनीकरणात. आवळा देऊन कोहळा काढणं, दुसरं काय! अर्थशास्त्रात याला 'बदलाचा खर्च' म्हणतात. पॉल क्लेम्पेरर यांनी १९८७ मध्ये याची मांडणी केली. ग्राहकाला विक्रेता बदलणं जड जात असेल, तर विक्रेते आधी स्वस्तात ग्राहक धरतात आणि नंतर वसूल करतात.

काल्पनिक आकडे घेऊन बघा. 'अ' पहिल्या वर्षी १९९ आणि पुढे दरवर्षी १,३९९ घेतो. 'ब' दरवर्षी ९९९ घेतो. दोन वर्षांनंतर अ स्वस्त: १,५९८ विरुद्ध १,९९८. तिसऱ्या वर्षी दोघेही २,९९७. पाचव्या वर्षी अ ५,७९५, ब ४,९९५. पीएचडीच किमान तीन वर्षांची असते, तेव्हा स्वतःच्या संशोधनाचं पान काढणार असाल तर हिशोब कुठल्या वर्षापर्यंत करायचा ते तुम्हीच ठरवा.

बदल करणं अशक्य नाही. नोंदणीनंतर ६० दिवस थांबायचं, कोड मागायचा, नव्या रजिस्ट्रारकडे एका वर्षाचे पैसे भरायचे. पण आमच्या चिरनेरसारख्या गावात वेबसाईट करून देणारा ओळखीचाच असतो, आणि अनेकदा डोमेन त्याच्याच ईमेलवर नोंदवलेलं असतं. तो फोन उचलेनासा झाला तर कोड मिळणार कुठून? नाव हातचं गेलं तर छापलेली कार्डं, ईमेल, सगळंच गेलं. हा बदलाचा खर्च कुठल्याच दरपत्रकात दिसत नाही.

आता प्रश्न तयार करू

"सर्वात स्वस्त रजिस्ट्रार कोणता?" ही चौकशी झाली, संशोधन नव्हे. "पहिल्या वर्षाची सूट जितकी मोठी, तितका नूतनीकरणाचा दर जास्त असतो का?" हे तपासता येणारं गृहीतक आहे.

माहिती गोळा करताना:

- एकच एक्स्टेन्शन घ्या. डॉट कॉम आणि डॉट इन मिसळू नका. डॉट इनची व्यवस्था निक्सीकडे आहे, तिचा घाऊक दर वेगळा.
- सगळे दर एकाच दिवशी, तारखेसह नोंदवा. जीएसटी धरून की वगळून, तेही लिहा.
- पहिलं वर्ष, नूतनीकरण, ट्रान्सफर यांचे रकाने वेगळे ठेवा.
- जुने दर वेबॅक मशीनवर शोधा.

आणि मर्यादा आधीच लिहून ठेवा. छापील दर म्हणजे प्रत्यक्ष भरलेला दर नव्हे, कारण कूपन असतात. काही विक्रेते तोटा होस्टिंग विकून भरून काढतात. त्यामुळे संबंध सापडला तरी कारण सापडलं असं लगेच म्हणू नका.

दहा रजिस्ट्रार घ्या, एक तक्ता करा, आलेख काढा. एका संध्याकाळचं काम आहे. मुलाखतीत "तुमचा संशोधन प्रश्न काय?" असं विचारलं, तर हा तक्ता करताना झालेला विचार नक्की उपयोगी पडेल.