लहान खोलीसाठी सबवूफर

सबवूफर म्हणजे साधारण २० ते १०० हर्ट्झ या पट्ट्यातला खर्ज वाजवणारा स्पीकर. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर असते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीची मोठी बाजू मात्र चार मीटरही भरत नाही. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. अशा खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीजवळ घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो.

म्हणून दणदणाटापेक्षा नेमकेपणा पाहावा. आठ ते दहा इंची ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा शंकू, पुरेसा ठरतो. पूर्ण बंद पेटी आटोपशीर असते आणि तिच्यात डग्ग्याचा ठोका उगाच लांबत नाही. पोर्ट, म्हणजे हवेसाठी भोक, असलेली पेटी तेवढ्याच ताकदीत मोठा आवाज देते, पण जागा जास्त अडवते.

जागा ठरवताना सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीपाशी ठेवून ओळखीचे गाणे लावावे आणि भिंतीलगत फिरून ऐकावे. खर्ज जिथे स्वच्छ व सम वाटेल, तिथे पेटी हलवावी. कोपऱ्यात आवाज वाढतो, तसा घुमतोही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो तो टप्पा, ८० हर्ट्झपासून सुरू करावा. फेजचा स्विच दोन्हीकडे करून पाहावा आणि खर्ज जिथे भरीव लागेल, तिथे ठेवावा. शेवटी आवाजाची पातळी सबवूफर वेगळा जाणवणार नाही इतकीच ठेवावी.