गोळी आणि घोट

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं दारूचा विषय निघाला की गोष्ट लगेच बंदीवर जाते. गडचिरोलीत गावोगावच्या बायांनी चळवळ केली आणि १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, या वादात मला आज शिरायचं नाही. मला बोलायचं आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी. सकाळी बीपीची गोळी, जेवणाआधी साखरेची, गुडघे ठणकले की आणखी एक. आणि दिवे लागले की एक घोट. हा घोट डॉक्टरांना माहीत नसतो, आणि या गोष्टीतला खरा धोका तोच आहे.

तो माहीत का नसतो? एक तर धाक. जिथं बंदी आहे तिथं पिणं कबूल कोण करणार? दुसरी लाज. माझ्यासारख्यांच्या घरांत दारू धर्मानंच निषिद्ध. आणि जिथं मनाई अधिक, तिथं एखादा घेत असेल तर त्याचं लपवणंही अधिक. तिसरं कारण आपल्या जंगलाचं आहे. आदिवासी घरात मोहाची दारू देवाला चढते, जन्माला लागते, मरणाला लागते. तिला व्यसन म्हणून कुणी मोजत नाही. ‘दारू घेता का?’ असं विचारलं तर म्हातारा सरळ ‘नाही’ म्हणतो, आणि त्याच्या लेखी तो खोटं बोलत नसतो. म्हणून ‘मोहाची घेता का?’ असंच विचारावं लागतं.

आता शरीरात काय होतं ते पाहू. वय वाढलं की अंगातलं पाणी कमी होतं, यकृत आणि मूत्रपिंडं मंद चालतात. चाळिशीत जेवढी सोसायची, तेवढीच सत्तरीत जास्त चढते आणि जास्त वेळ रक्तात राहते. त्यात घरच्या दारूला माप नाही. पहिल्या धारेची किती कडक, हे भट्टीवाल्यालाही सांगता येत नाही.

बीपीच्या काही गोळ्यांवर दारू घेतली तर रक्तदाब एकदम उतरतो. रात्री लघवीला उठलेला माणूस चक्कर येऊन पडतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळदा माणूस खाटेला खिळतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्यांबरोबर दारू गेली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर दवाखाना गाठायलाच हवा. साधी पॅरासिटामॉलदेखील रोज पिणाऱ्याच्या यकृताला जड जाऊ शकते. झोपेच्या गोळीवर दारू घेतली तर श्वासच मंदावतो. आणि ज्या घरात दारूचा थेंब नाही त्यांनीही निर्धास्त राहू नये. सर्दीची गुंगी आणणारी गोळी आणि झोपेची गोळी एकत्र झाल्या, तरी म्हातारं माणूस तसंच झोकांड्या खातं.

सगळ्यांत फसवी गोष्ट साखरेची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेतलेला माणूस उपाशीपोटी प्यायला, तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. दारू उतरवण्यात गुंतलेलं यकृत साठवलेली साखर सोडत नाही. मग हातपाय कापतात, घाम फुटतो, जीभ अडखळते, माणूस असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, ‘आज जास्त झाली, निजू द्या.’ आणि तो निजतो तो उठत नाही. म्हणून असं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असला तर आधी साखरेचं पाणी पाजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. १०८ वर फोन करून गाडी बोलवा.

काही जण स्वतःच तोड काढतात : ‘आज घेतली आहे, तर गोळी नको.’ आठवड्यात चारदा असं झालं की औषध असून नसल्यासारखं होतं. काही घरांत मुलगा सणाला पुण्याहून येतो, बाटली फेकून देतो आणि परत जातो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर दोन-तीन दिवसांत कापरं भरतं, भास होतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. सोडायची जरूर, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

करायचं काय, ते अवघड नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, शेजाऱ्याकडून आणलेल्या आणि गावच्या दुकानातून घेतलेल्यासुद्धा, एका पिशवीत घाला. ती पिशवी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. काय, किती आणि केव्हा पितो, ते तिथं खरं सांगा. डॉक्टर पोलीस नव्हेत. त्यांना माहिती हवी असते ती औषध बदलण्यासाठी. आशाताईंनाही बरोबर घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि रागावू नका. ज्याची मुलं दूर आहेत, जोडीदार गेला आहे, रात्री ज्याच्याशी बोलायला कुणी नाही, त्याला तो घोट सोबतीसारखा वाटतो. संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याला आधी पोटभर जेवू घाला. आपल्याला कुणी हिणवणार नाही हे एकदा पटलं, की तो खरं सांगेल. आणि त्यानं खरं सांगितलं, तर त्याची गोळी त्याला तारेल.