रक्तकर्करोग आणि साखरेची वाट

म्हैसूरहून मंड्याकडे निघाले, की उसाचे मळे दिसू लागतात. तेथील साखर कारखाना १९३३ सालचा. साखर काढून झाल्यावर जी मळी उरते, तिच्यापासून मद्यार्क करतात, हे आपणांस ठाऊक आहेच. यीस्टच्या सूक्ष्म पेशी मळीतील साखर अर्धवट मोडतात, स्वतःपुरती थोडी शक्ती मिळवतात आणि बाकीचा भाग मद्यार्काच्या रूपाने टाकून देतात. यालाच आपण आंबणे म्हणतो. रक्तकर्करोगाच्या पेशीचा व्यवहार समजण्यास हा दाखला उपयोगी पडेल.

आपल्या शरीरातील बहुतेक निरोगी पेशी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, प्राणवायूच्या साहाय्याने पूर्णपणे जाळतात. या ज्वलनातून मिळणारी शक्ती नाण्यांत मोजावयाची झाल्यास, ग्लुकोजच्या एका रेणूमागे सुमारे तीस नाणी हाती येतात. परंतु कर्करोगाच्या पेशी प्राणवायू असतानाही साखर आंबवतात व लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, असे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वार्बुर्ग यांना १९२० नंतरच्या दशकात आढळून आले. या मार्गाने पदरात पडतात अवघी दोन नाणी! रक्तकर्करोगाच्या अनेक पेशींतही हीच तऱ्हा दिसते.

मग हा तोट्याचा धंदा ही पेशी का करते? कारण तिला केवळ सरपण नको, बांधकामाचे सामानही हवे असते. एका पेशीच्या दोन व्हावयाच्या, तर नवी न्यूक्लिक आम्ले, नवी आवरणे घडवावी लागतात. साखर पुरती न जाळता मधूनच आडवाटेने वळविली, की हा कच्चा माल मिळतो. त्याच आडवाटेवर ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून पेशीला वाचविणारे द्रव्यही तयार होते. म्हणजे वाढ आणि संरक्षण, दोन्ही एकाच साखरेतून!

बांधकामावर घाव घालता येतो, हे १९४८ साली बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी दाखविले. त्यांनी मुलांना दिलेले अमिनोप्टेरिन हे औषध आपल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाले होते. त्याने आजार तात्पुरता हटला, तरी वाट खुली झाली. पुढे स्टेरॉइडे आली. पण काही पेशी त्यांना दाद देत नाहीत. अशा पेशींत साखर आंबविण्याचा वेग वाढलेला आढळतो, आणि प्रयोगशाळेत तो रोखला असता त्या पुन्हा औषधाला वश होतात. मात्र रक्तकर्करोग एकच नव्हे. त्याच्या काही प्रकारांतील पेशी प्राणवायूवरच अधिक विसंबतात. म्हणून एकच उपाय सर्वांस लागू पडत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे वाटते. ‘रोग साखरेवर जगतो, तर रोग्याची साखर तोडा,’ असे सांगणारे हितचिंतक घरोघरी भेटतात. परंतु गोड वर्ज्य केले, उपास केला, तरी यकृत रक्तातील ग्लुकोज राखीतच असते. आणि पेशीला तेवढे पुरते. उपाशी राहतो तो रोगी. त्याचे वजन घटते, औषधे सोसण्याचे बळ जाते. बदल झालेला असतो तो पेशीच्या कारभारात, ताटातल्या अन्नात नव्हे. तो कारभार मोडण्याचे काम औषधांचे. आप्तांचे काम एवढेच, की वैद्यांच्या सल्ल्याने रोग्याला पोटभर, रुचेल असे जेवू घालावे.