टिक्-टिक् गाडीची आणि धडधड माझी!

सकाळचे पावणेआठ. आठचं लेक्चर. तुम्ही किक मारता, गाडी सुरू होते आणि इंजिनमधून तो ओळखीचा आवाज येतो. टिक्-टिक्-टिक्. अरे यार, मागच्याच महिन्यात तर गॅरेजला दाखवली होती! पण आत्ता वेळ कुणाला आहे? तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पिळता, आवाज ट्रॅफिकमध्ये विरून जातो आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशीच्या किकपर्यंत.

तुमचंही असंच चाललं असेल, तर हे वाचा. कारण मी चार महिने हेच केलं आणि मग एका गॅरेजवाल्याने मला थेट नऊ हजारांचा आकडा ऐकवला.

माझी गाडी म्हणजे खरं तर बाबांची गाडी. १०० सीसीची, चौदा वर्षांची. धायरी ते डेक्कन हा माझा रोजचा रस्ता. इंटर्नशिप सुरू झाल्यापासून ऑफिसमधून निघायला रात्रीचे साडेदहा वाजतात. त्या वेळी एकटीने बसची वाट बघत उभं राहणं म्हणजे काय, हे ज्या मैत्रिणींनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे गाडी बसली तर इंटर्नशिपही बसली, इतका सरळ हिशेब होता.

तीन गॅरेज, तीन इलाज

पहिल्या गॅरेजमध्ये निदान झालं ते दहा सेकंदांत. ‘टॅपेट आहे मॅडम.’ सेटिंग झालं, दीडशे रुपये दिले, दोन आठवडे गाडी एकदम शांत. मग पुन्हा टिक्-टिक्. दुसऱ्याने सांगितलं, ‘जाड ऑइल टाकू, आवाज दबेल.’ दबला खरा. पाच आठवडे! तिसऱ्याने मात्र इंजिनावर हात ठेवला, मान हलवली आणि माझ्याऐवजी माझ्यासोबत आलेल्या भावाकडे बघून म्हणाला, ‘फुल इंजिन काम निघेल. आठ-नऊ हजार धरून चाला.’

नऊ हजार म्हणजे माझं दोन महिन्यांचं स्टायपेंड. घरी बैठक बसली. भाऊ म्हणाला, ‘भंगारात काढ.’ आई म्हणाली, ‘रात्रीची नोकरीच नको.’ बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, ‘एकदा धनकवडीच्या काकांना दाखवून ये.’

‘नेहमी म्हणजे कधी?’

काकांनी गाडीला हातच लावला नाही. विचारलं, ‘आवाज कधी येतो?’

‘नेहमीच.’

‘नेहमी म्हणजे कधी? गार असताना? गरम झाल्यावर? उभी असताना की पळताना?’

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. बातमीत कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सगळं यायलाच हवं, असं तीन वर्षं वर्गात घोकलेली मी! काका म्हणाले, ‘आठ दिवस वहीत लिहून आण. मग बघू.’

लाज वाटली, पण लिहिलं. आणि लक्षात आलं, की आपण ज्याला सरसकट ‘इंजिनचा आवाज’ म्हणतो, त्यात किती प्रकार असतात. काकांकडून आणि गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतून जे कळलं, ते तुमच्यासाठी थोडक्यात:

• गाडी उभी असताना आवाज नाही, पळताना मात्र येतो आणि वेगाबरोबर वाढतो? इंजिनला दोष देण्याआधी मागच्या चाकाची चेन बघा. ढिली किंवा कोरडी असेल.

• क्लच दाबला की आवाज बदलतो? मग बघायची जागा क्लचच्या बाजूची.

• इंजिनच्या वरच्या भागातून हलकी, एकसारखी टिक्-टिक्? बहुधा टॅपेट.

• डब्यात साखळी घासल्यासारखी खरखर? टायमिंग चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर.

• टॉप गिअरमध्ये कमी वेगात चढ ओढताना खडखड? एक गिअर खाली टाका. आवाज थांबला तर आधी सवय बदला.

• खोलवरून येणारी जड ठक्-ठक्, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढणारी? गाडी तिथेच बंद करा, ढकलत न्या. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल, तर ‘घरापर्यंत तरी जाऊ’ म्हणणं फार महागात पडतं.

माझ्या वहीत मात्र दोनच गोष्टी ठळक दिसत होत्या. आवाज वरूनच येत होता. आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी पहिली किक मारली, की सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत निघून बंद होत होता.

खरा गुन्हेगार

वही वाचून काकांनी विचारलं, ‘ऑइल कधी बघितलंस?’

‘दीड महिन्यापूर्वीच बदललंय.’

‘बदललं कधी, ते नाही विचारलं. बघितलं कधी?’

डिपस्टिक काढली. टोकालासुद्धा ऑइल नव्हतं.

एवढ्याशा इंजिनात ऑइल मावतं साधारण एक लिटर. तेच ऑइल पंपाने वर चढतं आणि व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या भागांना वंगण देतं. माझ्या गाडीच्या व्हॉल्व्हची सील कडक झाली होती. तिथून ऑइल थेंबथेंब आत झिरपत होतं आणि पेट्रोलबरोबर जळत होतं. सकाळचा निळा धूर त्याचाच. खाली ऑइल कमी, म्हणून वर वंगण कमी. वंगण कमी, म्हणून रॉकर झिजत होते. आणि रॉकर झिजत होते, म्हणून टॅपेटची फट सेट केली तरी पुन्हा वाढत होती. ही फट किती असते माहितीये? अशा छोट्या इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास! पहिल्या गॅरेजने फट बरोबर केली होती, पण ती का वाढते हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. जाड ऑइलने तर फक्त आवाज झाकला.

खोलायचं, विकायचं की थांबायचं?

मग नऊ हजारांचं काय? काकांनी दोन गोष्टी तपासल्या. पळत्या गाडीला जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर येतो का? येत नव्हता. किक मारताना पायाला नीट दाब लागतो का? लागत होता. याचा अर्थ पिस्टन आणि रिंग बऱ्या होत्या. म्हणजे फक्त हेड उतरवायचं, खालचं इंजिन खोलायचंच नाही.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. या वेळी प्रश्न मी विचारले. पार्टचे किती आणि मजुरीचे किती? काढलेले जुने पार्ट मला दाखवणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे केल्यावर गाडीत काय काय जुनंच राहणार? काकांनी स्वच्छ सांगितलं, ‘पिस्टन जुनाच आहे. दोन वर्षं चालेल, चारही चालेल. गॅरंटी नाही.’ खरं सांगू? तीन गॅरेजमध्ये ‘टेन्शनच घेऊ नका’ ऐकून झाल्यावर या उत्तराने मला जास्त धीर आला.

पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील. मग आरटीओत तपासणी, आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर. तो खर्चही हिशेबात धरला. तुमची गाडी याच वयाची असेल, तर मोठं काम काढण्याआधी आरसीवरची तारीख नक्की बघा. एवढं सगळं मांडूनही सेकंडहँड गाडी घेण्यापेक्षा हेडचं काम स्वस्तच पडत होतं. शिवाय ती नवी ‘जुनी’ गाडी काय लपवून आणेल, ते कुणाला ठाऊक! काकांनी दिलेली यादी घेऊन मी स्वतः नाना पेठेत गेले आणि सील, रॉकर, गॅस्केट घेऊन आले. मजुरी धरून खर्च आला तीन हजार शंभर.

चौथ्या गॅरेजला पहिल्यांदाच गेले असते, तर एवढाही लागला नसता, असं मी काकांना म्हटलं. ते म्हणाले, ‘दर रविवारी डिपस्टिक बघितली असतीस, तर माझ्याकडेही यावं लागलं नसतं.’

आता बघते. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवायचं, बंद करायचं, थोडं थांबायचं. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावायची, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते बघायचं. किती बुडवायची, ऑइल कुठल्या ग्रेडचं घालायचं हे पुस्तिकेत असतं. एकूण वेळ पाच मिनिटं. एक रील कमी बघा!

आणि हो, गार इंजिनावर सकाळी थोडी टिक्-टिक् अजूनही ऐकू येते. मी घाबरून काकांना फोन केला, तर ते हसले. ‘अगं, टॅपेट थोडा बोलायलाच हवा. फट अजिबात नसेल, तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह जळतो.’

काल रात्री साडेदहाला ऑफिसमधून निघाले. सिंहगड रोड बऱ्यापैकी रिकामा होता. घरी पोहोचले, तर बाबा गॅलरीत उभे. ‘आलीस?’ असं न विचारता म्हणाले, ‘कोपऱ्यावर वळलीस तेव्हाच ऐकलं. आवाज चांगला येतोय.’