चाक कुठे धरतंय?

ब्रेक लागत नसला तर माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. ब्रेक सुटत नसला तर मात्र महिने काढतो. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त खाते, उतारावर मोकळी सोडली तरी पुढे सरकत नाही. आणि दोष जातो इंजिनला, नाहीतर पंपावरच्या पेट्रोलला. अकोला–अमरावती रस्त्यावर तर हे दुखणं सहज लपून राहतं. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. असा सरळ, सपाट रस्ता मिळाल्यावर ब्रेकची आठवण तरी कशाला होते! बडनेऱ्याजवळ जळका वास आला, तेव्हा कुठे गाडी बाजूला घेतली.

गाडी मारुती ८००. हिचं उत्पादन २०१४ साली थांबलं, म्हणजे सगळ्यात शेवटची ८००सुद्धा आता म्हातारीच. पुढे डिस्क, मागे ड्रम.

बडनेरा रोडवरच्या मिस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी चारही चाकांजवळ तळहात नेला. टेकवला नाही, नुसता जवळ नेला. पुढचं डावं चाक धगधगत होतं, बाकीची कोमट. दोष मास्टर सिलिंडरमध्ये असता तर सहसा एकापेक्षा जास्त चाकं तापली असती. मास्टरमध्ये एक बारीक भोक असतं. पेडल सोडल्यावर त्यातून ब्रेक ऑइल वरच्या डबीत परत जातं. कुणी भलतंच ऑइल ओतलं, रबरी वायसर फुगलं आणि ते भोक झाकलं गेलं, की तापून फुगलेल्या ऑइलला वाट राहत नाही. मग गाडी जितकी चालेल तितकी चाकं अधिक धरतात. इथे तसं दिसत नव्हतं.

“नवं कॅलिपर आणू का?” मी विचारलं.

“सामान आन्याची घाई नोका करू भाऊ. पैले कुठं अडते थे पाहू.”

हीच गोष्ट मला फार मोलाची वाटते. पॅड बदल, किट टाक, तरी नाही सुटलं तर अख्खं कॅलिपर बदल, अशी चाल पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. त्यात गाडी कधीकधी सुटतेही. पण कशानं सुटली ते कुणालाच कळत नाही.

जॅक लावला. मी पेडल दाबून सोडलं. चाक हातानं हलेना. मिस्त्रींनी लोखंडी पाइप आणि रबरी होस यांचा जोड सैल केला. ऑइल झिरपलं, चाक तसंच घट्ट. म्हणजे मास्टरपासून इथवर दाब अडलेला नव्हता. मग कॅलिपरची निप्पल किंचित उघडली. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक गर्रकन फिरलं.

“पाहा, कॅलिपर बेस हाये. होसच गेला आतून.”

निप्पल उघडूनही चाक सुटलं नसतं, तर पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपर सरकवणाऱ्या पिना सुकल्यात असं समजायचं. डिस्क ब्रेकला पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. ते काम पिस्टनभोवतीची चौकोनी कडांची रबरी रिंग करते: दाब आला की जराशी वाकते, दाब गेला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे आणते. त्या केसभर जागेवर चाकाचं सुटणं अवलंबून असतं.

काढलेला होस बाहेरून नव्यासारखा होता. मिस्त्रींनी तो ब्लेडनं उभा चिरला. आतलं रबर फुगून पापुद्रा सुटला होता. पायाच्या जोरानं ऑइल त्यातून पुढे घुसे. परत येताना मागे तेवढा जोर नसे, आणि पापुद्रा झडपेसारखा बसे. डबीतलं ऑइलही कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हद्द १४० अंशांपर्यंत उतरू शकते. धरलेलं चाक तेवढं सहज तापतं. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. चिखलदऱ्याचा घाट उतरताना हे झालं असतं तर? न सुटणाऱ्या ब्रेकचा शेवट असा न लागणाऱ्या ब्रेकमध्ये होतो, हे फार थोड्या गाडीवाल्यांना ठाऊक असतं.

दोन्ही बाजूंचे होस बदलले, सगळं ऑइल नवं भरलं, मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. चक्कर मारून आल्यावर पुढची दोन्ही चाकं सारखीच कोमट लागली.

मागे मात्र वेगळंच निघालं. पांधणीतला काळ्या मातीचा चिखल हँडब्रेकच्या केबलमध्ये शिरून वाळला होता. दांडा खाली केला तरी केबल पुरती परतत नव्हती. नवी केबल त्या दिवशी मिळाली नाही. तोवर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरात उभी करायची आणि चाकाखाली अर्धी वीट लावायची, असं मिस्त्रींनी बजावलं. वीटही त्यांनीच डिक्कीत टाकली.