पोत्यात तगलेलं बी मातीत का दगावतं?

जूनमध्ये दोन बरे पाऊस झाले, की मराठवाड्यात सोयाबीनची पेरणी उरकायची घाई होते. पाच-सहा दिवसांत तासं दिसू लागतात, आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो. रोपं करपतात. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट.

पण हेच बी उन्हाळाभर पोत्यात दहा-बारा टक्के ओलाव्यावर ठणठणीत होतं! कोरड्या बियांत पेशींचे व्यवहार जवळजवळ थांबलेले असतात. पाण्याच्या जागी दाटलेली साखर आणि काही खास प्रथिनं पेशींची पटलं सांभाळतात. पाणी मिळालं, की मायटोकॉन्ड्रिया जागे होऊन एटीपी, म्हणजे पेशीचं रोजचं इंधन, तयार करू लागतात. मूळ बाहेर पडून वाढू लागलं, की ही कवचकुंडलं गळतात.

आता ताण पडला, तर पान रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. ऊन मात्र तळपतच असतं. न वापरली गेलेली ही ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक रसायनं वाढतात. त्यांचा पहिला मारा पटलांवर. पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. डब्यातलं तेल खवट होतं, त्याच जातीची क्रिया इथे जिवंत पेशीत घडते. पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं.

खरी गोची मायटोकॉन्ड्रियात होते. आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवून त्यांच्या दाबावरच एटीपी बनतं. पटल गळकं झालं, की दाब उतरतो, इंधन घटतं. आणि पटलाच्या डागडुजीला तेच इंधन लागतं.

ही गळती प्रयोगशाळेत मोजता येते. पानाच्या चकत्या शुद्ध पाण्यात ठेवतात, बाहेर आलेल्या क्षारांमुळे पाण्याची विद्युतवाहकता किती वाढली ते पाहतात. नंतर चकत्या उकळून पुन्हा मोजतात. पहिला आकडा दुसऱ्याच्या जितका जवळ, तितकं नुकसान जास्त.

म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्ला निव्वळ सरकारी सावधगिरी नव्हे. उगवण झाल्यावर खंड पडलाच, तर कोळपणी करून भेगा बुजवणं उपयोगी पडतं. दुपारी माना टाकलेली रोपं पहाटे ताठ उभी दिसली, तर आणखी एखाद-दोन दिवस वाट पाहण्यात अर्थ आहे. पहाटेही ती मलूलच असतील, तर शेंडा आणि मूळ तपासून दुबार पेरणीच्या तयारीला लागलेलं बरं.