चाक लहान म्हणून दिवा मंद?

वाळूजच्या रात्रपाळीला निघालेल्या कामगाराची २८ इंची काळी सायकल असो की छत्रपती संभाजीनगरातल्या शाळकरी पोराची २० इंची, टायरला घासून फिरणाऱ्या डायनामोबद्दल एक समज हमखास ऐकू येतो: चाक मोठे, तितका उजेड जास्त. काही जण याच्या नेमके उलट सांगतात. लहान चाक जास्त गरागरा फिरते, म्हणून त्याच्यावर बल्ब लवकर उडतो, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही समजांच्या मुळाशी गृहीत एकच आहे, की डायनामो चाकाच्या फेऱ्यांवर चालतो. तो फेऱ्यांवर चालत नाही, टायर त्याच्या फिरकीजवळून किती वेगाने सरकतो यावर चालतो. आणि टायरचा हा वेग म्हणजे जवळपास सायकलचाच वेग. पिठाच्या गिरणीत मोटरची पुली लहान आणि जात्याची मोठी असली, तरी पट्टा दोन्हींवरून एकाच वेगाने धावतो, तसेच हे. ताशी १५ किलोमीटर वेगाला २८ इंची चाक मिनिटाला सुमारे ११० फेऱ्या घेते, २० इंची सुमारे १६०. फरक चांगलाच मोठा. पण दोन सेंटिमीटर व्यासाची फिरकी दोन्हीकडे मिनिटाला पावणेचार हजारांच्या आसपासच फिरते. फिरकी टायरच्या बाजूला, जमिनीला टेकणाऱ्या कडेपासून थोडी आत टेकते, त्यामुळे लहान चाकावर ती दोन-तीन टक्के हळू फिरेल, इतकेच. एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही. फरक पडतो तो फिरकीच्या व्यासाने: फिरकी जाड, तर तेवढ्याच वेगाला फेऱ्या कमी.

यावर कोणी म्हणेल, पोरांच्या सायकलचा दिवा मंद असतो हे तर डोळ्यांना दिसते. दिसते, पण कारण वेगळे आहे. पोर सावकाश चालवते, आणि ताशी सात-आठ किलोमीटरला कुठल्याही चाकावर उजेड पिवळाच पडतो. टायरमध्ये हवा कमी असली, बाजूच्या दातेरी पट्ट्या झिजल्या असल्या किंवा पावसाने टायर ओला झाला, की फिरकी घसरते. सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे अर्थिंग. या जोडणीत वायर बहुधा एकच असते आणि परतीची वाट सायकलच्या फ्रेममधून जाते. डायनामोच्या पट्टीवरचा टोकदार स्क्रू रंग फोडून लोखंडाला भिडला नाही, किंवा तिथे गंज चढला, की दिवा फडफडतो. सायकल नव्याने रंगवल्यावर दिवा बंद पडतो तो याच कारणाने.

चाकाच्या आकाराचा संबंध खरोखर येतो तो हब डायनामोत. ब्रिटनच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३० च्या दशकात तो बाजारात आणला; आज लांब पल्ल्याचे सायकलस्वार तो वापरतात. तो चाकाच्या आसातच असतो, म्हणजे चाकाची एक फेरी ती त्याची एक फेरी. मोठ्या चाकासाठीचा हब २० इंची चाकात बसवला, तर कमी वेगालाच दिवा नीट लागतो, पण पायाला ओढही थोडी जास्त लागते. म्हणून लहान चाकांसाठी वेगळे, कमी ताकदीचे हब बनवतात.

मग अशा चाकावर बल्ब उडत नाही का? वेग दुप्पट म्हणजे वीज दुप्पट, हा हिशेब इथे लागू पडत नाही. डायनामोत चुंबक फिरतो आणि वेटोळ्यात उलटसुलट प्रवाह तयार होतो. वेग वाढतो तसा वीज ढकलणारा दाब वाढतो, पण त्याच प्रमाणात वेटोळ्याचा अडथळाही वाढतो. परिणामी प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास येऊन थबकतो. जर्मनीच्या नियमांत ६ व्होल्ट, ३ वॅटच्या डायनामोने ताशी १५ किलोमीटरला किमान ५.७ व्होल्ट द्यावेत आणि ३० ला ७.५ च्या वर जाऊ नये, अशी अपेक्षा आहे. वेग दुप्पट झाला तरी व्होल्टेजची वाढ जेमतेम एक तृतीयांश. बल्ब उडण्यामागेही हाच ठरलेला प्रवाह असतो. पुढचा दिवा २.४ वॅटचा, मागचा लाल ०.६ वॅटचा. मागचा बल्ब गेला किंवा त्याची वायर तुटली, तर त्याच्या वाट्याचा प्रवाहही पुढच्यातच घुसतो, आणि नगर नाक्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळून वेग वाढला की तोही जातो. तेव्हा मागचा दिवा बंद दिसला, तर पुढचा चांगला लागतोय म्हणून तसेच चालवू नये.